माशांच्या टाकीखालची घडवंची

घरात हौसेने मासे पाळणाऱ्या माणसापाशी विषय काढावा आणि स्वस्थ ऐकत बसावे. एंजल आणि गोरामी एकत्र नांदतात की नाही, गप्पीची पिल्ले वेगळी केव्हा काढावीत, टाकीत वनस्पती खऱ्या असाव्यात की प्लास्टिकच्या, यावर तो तासभर रंगून बोलेल. मग हळूच विचारावे, "आणि ही टाकी उभी कशावर आहे?" तो क्षणभर आपल्याकडे पाहील आणि म्हणेल, "कशावर म्हणजे? स्टँडवर." तेथे त्या विषयाचे त्याचे ज्ञान संपते. बेळगाव शहरात आणि आसपासच्या गावांतही आता पुष्कळ घरांच्या बैठकीत काचेची टाकी दिसू लागली आहे. विकत आणलेला तयार स्टँड महाग पडतो, म्हणून बहुधा घरचा धनी स्वतः किंवा ओळखीचा सुतार, वेल्डर काहीतरी जुळवून देतो. या जुळवाजुळवीविषयी चार गोष्टी लिहाव्यात असे पुष्कळ दिवस आमच्या मनात होते.

पूर्वी आपल्या घरांत पाण्याचे हंडे, घागरी ज्या लाकडी चौकटीवर ठेवीत तिला घडवंची म्हणत. नळ आले, हंडे गेले आणि शब्दही अडगळीत पडला. आम्हाला मात्र टाकीखालच्या स्टँडला हाच शब्द योग्य वाटतो. पाण्याचे ओझे पेलणे हेच तिचे काम. घडवंची करणाऱ्या जुन्या सुताराला त्या ओझ्याचा अंदाज असे. आज तो राहिलेला नाही, कारण भरलेली टाकी कोणी उचलून पाहत नाही.

हिशेब करून पाहा. सर्वसाधारण घरात चालणारी टाकी ३ फूट लांब, १५ इंच रुंद आणि १८ इंच उंच असते. सेंटीमीटरमध्ये ही मापे सुमारे ९१, ३८ आणि ४६ होतात. तिन्हींचा गुणाकार केला की जवळजवळ १५९ लिटर पाणी मावते असे दिसते. काठोकाठ कोणी भरत नाही. वरचे दोन इंच सोडले आणि तळाशी दोन इंच खडी घातली, तर पाणी १३० लिटर राहील, म्हणजे १३० किलो. खडीचे २५ ते ३० किलो. काच पाण्याच्या अडीचपट जड असते, त्यामुळे ८ मिलिमीटर जाडीच्या काचेची ही टाकी रिकामी असतानाच ३० किलोंच्या घरात जाते. सर्व मिळून १९० किलो. सातवीच्या वर्गातील सहा मुले एका लहानशा टेबलावर चढून बसली आहेत आणि रात्रंदिवस, वर्षानुवर्षे खाली उतरत नाहीत, असे चित्र डोळ्यांपुढे आणावे.

हे झाले खाली जाणारे ओझे. पाणी बाजूंनाही रेटत असते. पाण्याचा दाब खोलीवर अवलंबून असतो. वर शून्य, तळाशी सर्वांत जास्त. सोळा इंच पाण्यात समोरच्या लांब काचेवर एकंदर ७५ किलोंचा रेटा येतो. पाण्याची उंची दुप्पट केली तर हा रेटा दुप्पट होत नाही, चौपट होतो. म्हणून उंच टाकीची काच जाड घ्यावी लागते. दुकानदार हे सांगतो. खालच्या आधाराविषयी मात्र तो सहसा बोलत नाही, कारण स्टँड आपण घरी करणार असतो आणि त्याचे काम टाकी रिक्षात ठेवली की संपते.

२०२३ सालच्या पावसाळ्यात शहापुरातील आमच्या एका स्नेह्यांच्या घरी रात्री अडीच वाजता टाकी फुटली. माडीवर टाकी, खाली नातवंडे झोपलेली. पाणी तुळयांमधून खाली उतरले, विजेच्या फळीवर आले आणि घरातला दिवा गेला म्हणून सगळे जागे झाले. कोणाला इजा झाली नाही हे नशीब. सकाळी आम्ही पाहायला गेलो, तेव्हा लोखंडी स्टँड जसाच्या तसा उभा होता. चार माणसे त्यावर नाचली असती तरी वाकला नसता. टाकीच्या तळाची काच मात्र एका कोपऱ्यापासून तिरकी चिरत गेली होती. त्या कोपऱ्याखाली चार पदरी घडी केलेली एक लग्नपत्रिका सापडली. रिकामी टाकी स्टँडवर ठेवताना ती डुगडुगत होती. पत्रिका घातल्यावर डुगडुगणे थांबले आणि सर्वांना वाटले, काम झाले. पुढे दीड महिना टाकी उभी राहिली.

तो स्टँड कमकुवत नव्हता, वाकडाही दिसत नव्हता. मग काच का गेली? त्याचे उत्तर कल आणि पीळ यांतल्या फरकात आहे.

गणपतीच्या दिवसांत मखर मांडताना चौरंग हलू लागला की आपण त्याच्या एका पायाखाली कागदाची घडी सारतो. तिवईखाली मात्र कधी काही सारावे लागत नाही. आमच्या शाळेतील सातवीच्या एका मुलीने हेच विचारले होते, "सर, तिवई कधी हलत नाही, मग चौरंगच का हलतो?" भूमितीचा सगळा धडा त्या प्रश्नात होता. कोणतेही तीन बिंदू नेहमी एका पातळीत असतात. चौथा त्या पातळीत असेलच असे नाही. तिवईचे तीन पाय कितीही खडबडीत जमिनीवर टेकतात, फार तर ती कलून उभी राहते. चार पायांच्या वस्तूला मात्र चौथा पाय टेकवायचा तर एक तर डुगडुगावे लागते, नाही तर अंगात पीळ घ्यावा लागतो. लाकूड, लोखंड थोडाबहुत पीळ सोसतात. काच सोसत नाही.

कल म्हणजे सगळी टाकी एका बाजूला झुकणे. पीळ म्हणजे तिचा एक कोपरा बाकीच्या तिघांच्या पातळीतून वर किंवा खाली जाणे. लोक घाबरतात ते कलाला, कारण तो दिसतो. पाण्याची रेघ आणि काचेचा काठ समांतर नाहीत हे पाहुण्यांच्याही लक्षात येते. वास्तविक तीन फुटांत पाच मिलिमीटरचा कल असला, तर खालच्या टोकाचा पाण्याचा दाब शेकड्याला एकानेही वाढत नाही. पीळ मात्र डोळ्यांना दिसत नाही. टाकी रिकामी असते तोवर ती तीन कोपऱ्यांवर अलगद बसते आणि चौथ्याशी डुगडुगते. पाणी भरत गेले की १९० किलोंचे ओझे तिला खालच्या पिळलेल्या चौकटीवर दाबून बसवू पाहते. तळाची काच वाकण्याचा प्रयत्न करते, सिलिकॉनचे सांधे ताणले जातात आणि काचेच्या कडेला कुठे तरी नखाएवढा टवका असेल, तेथून चीर निघते. ती आज निघेल की दीड महिन्याने, हे सांगता येत नाही. लग्नपत्रिकेने नेमके हेच केले. डुगडुगणे थांबवले ते पीळ काढून नव्हे, तर एका कोपऱ्याला एका बोटावर उभे करून. पुढे दमट हवेने पुठ्ठा दबला आणि तोही आधार सुटला.

येथे थोडे मागे जाऊन सांगितले पाहिजे. पूर्वीच्या टाक्या अशा नसत. लोखंडी अँगलची चौकट करून तिच्यात पुटीने काचा बसवीत. त्या टाकीला स्वतःचा सांगाडा होता. खालचा पीळ पुष्कळसा ती चौकटच घेई. १९६० नंतरच्या दशकात सिलिकॉनने काचेला काच जोडण्याची रीत आली आणि टाकीतला लोखंडी सांगाडा गेला. टाकी देखणी झाली, गंजेनाशी झाली, पण सांगाड्याचे काम तिने न सांगता खालच्या घडवंचीवर टाकले. मुंबईत १९५१ साली सुरू झालेल्या तारापोरवाला मत्स्यालयात आमच्या पिढीतील पुष्कळांनी पहिल्यांदा काचेमागचे मासे पाहिले. तेथे टाक्या भिंतीत बसविलेल्या, त्यामुळे पाण्याला कोण धरून आहे हा विचार मनाला शिवलाच नाही. घरातल्या टाकीत तो करावाच लागतो.

शहापूरची गोष्ट ताजी असतानाच, २०२४ च्या जूनमध्ये, आमच्या शाळेला माजी विद्यार्थ्यांनी अशीच ३ फुटी टाकी भेट दिली. शाळा सुधारणा समितीच्या बैठकीत मतभेद झाले. पहिलीची मुले ज्या वऱ्हांड्यातून धावतात तेथे दोनशे किलो पाणी उंचावर ठेवायचे, याला दोघा पालकांचा स्पष्ट विरोध होता, आणि तो गैर नव्हता. तयार स्टँडला पैसे नव्हते. टाकी परत करावी असा सूर निघू लागला. समितीतीलच एक सुतारकाम करणारे पालक तोवर गप्प बसले होते. ते म्हणाले, "सर, मोडक्या बाकांचं सागवान पडलंय की मागं. मी करतो. पण मला घाई करायची न्हाई." त्या एका वाक्यावर टाकी शाळेत राहिली. त्यांची कामाची पद्धत आम्ही चार दिवस जवळून पाहिली आणि पुढचे बहुतेक सगळे त्यांच्याकडून उचलले आहे.

पहिली गोष्ट त्यांनी केली ती ही की, वऱ्हांडा नाकारला. तळमजल्यावरील विज्ञानाच्या खोलीतला, दोन भिंतींचा कोपरा निवडला. दुसरी, उंची. आम्ही अडीच फूट धरली होती. त्यांनी दोन फुटांवर आणली. "पोरांना दिसलं न्हाई की ती चढणार," हे त्यांचे कारण. त्यात दुसरेही एक शहाणपण आहे. टाकीची रुंदी १५ इंच, म्हणजे घडवंचीची बैठकही तेवढीच अरुंद. उंची जितकी वाढेल तितके ओझ्याचे मध्य वर जाते आणि पुढे झुकण्याची भीती वाढते. मागच्या बाजूने घडवंची दोन लोखंडी पट्ट्यांनी भिंतीला जखडली, ती याचसाठी. मूल पुढच्या पट्टीला लोंबकळले तरी ती जागची हलू नये. पट्ट्या त्यांनी सर्वांत शेवटी आवळल्या, हेही ध्यानात ठेवावे. भिंतीला आधी बांधून मग पातळी साधता येत नाही.

लाकूड ओझ्याखाली दबेल ही भीती बाळगण्याचे कारण नाही. चार पायांवर १९० किलो म्हणजे एकेकावर ५० किलोंहून कमी, आणि उभ्या सागवानाला ते काहीच नव्हे. घडवंची मोडते ती दोन कारणांनी. एक, ओझे लाकडावर न जाता स्क्रूवर लटकते. पुष्कळ घरगुती स्टँडमध्ये वरची आडवी पट्टी पायांच्या बाजूला ठोकलेली असते. मग सगळे पाणी आठ-दहा स्क्रूंच्या दांड्यांवर लोंबते. सुतारमामांनी आडव्या पट्ट्या पायांच्या माथ्यावर ठेवल्या. काचेपासून जमिनीपर्यंत लाकडावर लाकूड. स्क्रूने फक्त जागच्या जागी धरायचे. दुसरे कारण, चौकोन लवंडतो. पुठ्ठ्याच्या चार पट्ट्या टाचण्यांनी जोडून चौकोन करावा आणि बोटाने ढकलावा, तो तत्काळ तिरपा होतो. त्यात एक कर्ण टाकला की हलत नाही. हा प्रयोग मुलांनी वर्गात केला आणि मग मागच्या बाजूला तिरका आधार का ठोकला, हे कोणालाच विचारावे लागले नाही. तिरक्या पट्टीऐवजी मागे प्लायवूडचा अखंड पत्रा ठोकला तरी तेच काम होते. भुशाच्या दाबलेल्या फळ्या मात्र टाकीखाली कोणीही वापरू नयेत. पाणी लागले की त्या पावासारख्या फुगतात. माथ्यावर पाऊण इंची मरीन प्लायच घ्यावा.

आता पातळी. जमीन सपाट असते हा आपला गोड समज आहे. आपल्याकडच्या जुन्या घरांत शहाबादी फरशी घालताना धुण्याचे पाणी मोरीकडे जावे म्हणून मुद्दाम उतार ठेवीत. नव्या टाईलच्या खोल्यांतही दोन टाईलांच्या सांध्यात नख अडकते. पाय सांध्यावर आला तर त्याचा अर्धा तळ अधांतरी राहतो. घडवंची बोटभर सरकवून तो एकाच फरशीवर घ्यावा. माडीची जमीन लाकडी तुळयांवर असेल तर टाकी भिंतीलगत आणि तुळयांना आडवी ठेवावी, म्हणजे ओझे एकाच तुळईवर न पडता तीन-चारांवर वाटले जाते. सिमेंटच्या स्लॅबसाठी भारतीय मानकात राहत्या घराला दर चौरस मीटरला सुमारे २०० किलो वापराचा भार धरलेला आहे. तीन फुटी टाकी भिंतीलगत, तुळईच्या जवळ असेल तर चिंता नको. पाच-सहा फुटी टाकी वरच्या मजल्यावर ठेवायची असेल, तर अभियंत्याला विचारल्यावाचून ठेवू नये.

घडवंची जागेवर ठेवून मामांनी पाणसळ काढली. ती लावण्यापूर्वी त्यांनी तिचीच परीक्षा घेतली: एका जागी ठेवून बुडबुडा पाहिला, मग तिची टोके उलटी करून त्याच जागी पुन्हा पाहिला. दोन्ही वेळा बुडबुडा एकाच ठिकाणी थांबला तर पाणसळ खरी. नाही तर तीच खोटे बोलते आहे. ही तपासणी किती जण करतात याची आम्हाला शंका आहे. मग जो पाय टेकत नव्हता त्याखाली पाचर सारली. पाचर एकेरी नव्हती. दोन पाचरी समोरासमोरून, एकीचा जाड भाग दुसरीच्या पातळ भागावर येईल अशा. त्यामुळे वरचा माथा सपाट राहतो आणि पायाचा सबंध तळ टेकतो. एकेरी पाचरीवर पाय नुसत्या कडेवर उभा राहतो. पाचर टणक लाकडाचीच हवी. कागद, पुठ्ठा, बाटलीची बुचे यांना या कामात स्थान नाही. लोखंडी स्टँड असेल तर पायांना नट वेल्ड करून त्यात बोल्ट घालावेत, आणि बोल्ट फिरवून पाय वरखाली करावा. उद्यमबागेत हे काम कोणीही करून देईल. एवढेच सांगावे की वेल्डिंगनंतर लोखंड आखडते, म्हणून चौकट जोडल्यावरही तपासावी. आणि काहीही सारायचे असेल तर ते पायांखाली, जमिनीपाशी. टाकी आणि घडवंची यांच्यामध्ये कदापि नाही.

चारही पाय टेकले, घडवंची डुगडुगेना, एका बाजूने पाणसळही बरोबर दाखवू लागली. आम्हाला वाटले, झाले. मामांनी दोन दोरे मागितले. समोरासमोरच्या कोपऱ्यांवर खिळे टोचून त्यांनी ते दोरे कर्णांवरून ताणून बांधले, एकावर एक फुली येईल असे. चारही कोपरे एका पातळीत असतील तर दोरे मध्यावर एकमेकांना नुसते टेकतात. आमच्या घडवंचीवर त्यांच्यामध्ये फट राहिली, दीड मिलिमीटरची. खालचा दोरा वरच्याला उचलून धरीत असला तर फट दिसत नाही, म्हणून फट नसली तरी दोरे खालीवर बदलून पुन्हा पाहावे लागते. फटीच्या दुप्पट पीळ, असा हिशेब आहे. म्हणजे एक कोपरा बाकीच्या तिघांच्या पातळीपासून तीन मिलिमीटर सुटलेला होता.

मुलांचा विश्वास बसावा म्हणून हेच आम्ही गवंड्याच्या नळीने मोजले. पारदर्शक नळीत पाणी भरावे, बुडबुडे काढून टाकावेत, दोन्ही टोके उघडी ठेवावीत. पाणी दोन्हीकडे एकाच उंचीवर थांबते. त्या पातळीपासून प्रत्येक कोपरा किती खाली आहे हे पट्टीने मोजले. क्रमाने ३१, ३४, ३३ आणि ३३ मिलिमीटर आले. कर्णावरच्या कोपऱ्यांची बेरीज करावी. पहिला आणि तिसरा मिळून ६४, दुसरा आणि चौथा मिळून ६७. पातळी सपाट असेल, मग ती कितीही कललेली असो, तर या दोन बेरजा सारख्या येतात. येथे तीनचा फरक पडला, दोऱ्यांनी सांगितला तोच. पाणसळ एकेका बाजूवर ठेवून ही गोष्ट सहजासहजी कळत नाही. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. लाकडाचा पीळ मात्र रंध्याने जातो. मामांनी पहिल्या कोपऱ्याकडे दोन आणि तिसऱ्याकडे एक मिलिमीटर असे उताराने रंधून काढले. पुन्हा मोजले तेव्हा ३३, ३४, ३४, ३३. दोन्ही बेरजा ६७. तीन फुटांत एक मिलिमीटरचा कल उरला, तो तसाच ठेवला. आमच्या मते दोन-तीन मिलिमीटर कल असला तरी त्यामागे लागू नये. पीळ मात्र दोऱ्यांना कळेल इतकासुद्धा ठेवू नये.

माथ्यावर प्लाय ठोकला, दोरे पुन्हा एकदा ताणून पाहिले आणि त्यावर टाकीच्या मापाचा अर्धा इंच जाडीचा थर्माकोल घातला. थर्माकोलविषयी लोकांच्या कल्पना अवास्तव आहेत. तो गादीसारखा सगळे सांभाळून घेईल असे त्यांना वाटते. टाकीचे ओझे सबंध तळावर वाटले तर दर चौरस सेंटीमीटरला जेमतेम ५५ ग्रॅम पडतात. एवढ्याने थर्माकोल मुळीच दबत नाही. प्लायवर राहिलेला वाळूचा कण, स्क्रूचे किंचित वर आलेले डोके, एवढे तो पोटात घेतो. पीळ तो घेत नाही. शिवाय प्रत्येक टाकीला तो चालतही नाही. ज्या टाकीच्या तळाला प्लास्टिकची उंच कडा असते, तिची तळाची काच मुळात अधांतरी असून सगळे ओझे कडेवर जाते. तिच्याखाली थर्माकोल घातला तर तो मधोमध वर येऊन काचेला खालून रेटतो. तळाची काच सपाट आणि उघडी असेल तरच थर्माकोल. विकत घेताना टाकी उलटी करून पाहावी.

टाकी चढवली, ती रिकामीच. चारही कोपऱ्यांपाशी पोस्टकार्ड सारून पाहिले. कुठेच शिरले नाही. मग पाणी एकदम भरले नाही. पाव टाकी भरून थांबलो, अर्धी भरून रात्र जाऊ दिली. ओझ्याखाली पाचरी बसतात, सांधे घट्ट होतात, हे पहिल्या दिवशीच कळावे. टाकीत पाणी आले की तीच मोठी पाणसळ होते. काठापासून पाण्यापर्यंतचे अंतर चारही कोपऱ्यांत मोजून मुलांनी वहीत लिहिले. काचेचे काठ कापताना थोडे कमीजास्त असतात, तेव्हा आकडे अगदी सारखे येत नाहीत. पाणी वाढवत जाताना त्यांच्यातला फरक बदलतो का, हे पाहायचे. तो बदलला नाही, तेव्हा तिसऱ्या दिवशी टाकी पूर्ण भरली आणि मग भिंतीच्या पट्ट्या आवळल्या.

विजेचे एवढे सांगितले पाहिजे. पंपाची, दिव्याची वायर टाकीतून थेट उतरत्या रेषेत प्लगमध्ये नेऊ नये. ती आधी प्लगच्या खाली सोडून, वळसा देऊन वर घ्यावी, म्हणजे वायरीवरून ओघळणारा थेंब वळशाच्या तळाशी गळून पडतो. विजेची फळी टाकीच्या खाली किंवा घडवंचीच्या पोटात ठेवू नये. टाकीत हात घालण्यापूर्वी बटणे बंद करावीत, हे मुलांकडून आम्ही पाठ करून घेतले आहे.

भरलेली टाकी सरकवू नये. दिवाळीची सफाई, गणपतीचे मखर, घरातले लग्न, कोणत्याही निमित्ताने चार जण मिळून "जरा बाजूला" करू पाहतात आणि त्या एका झटक्यात महिनाभर साधलेली पातळी जाते. पाणी काढावे, खडी काढावी, मग उचलावी. आणि बेळगावच्या पावसाचा विचार करावा. जून ते सप्टेंबर आपल्याकडचे लाकूड ओलाव्याने फुगते आणि उन्हाळ्यात आखडते, म्हणून श्रावणात एकदा आणि होळीनंतर एकदा ती चार अंतरे पुन्हा मोजावीत आणि वहीतल्या जुन्या आकड्यांशी ताडून पाहावीत. फरक दोन मिलिमीटरच्या पुढे गेला तर भरल्या टाकीखाली पाचर ठोकू नये. भिंतीच्या पट्ट्या सैल कराव्यात, पाणी निम्म्याच्याही खाली आणावे, मासे बादलीत काढावेत, आणि मगच त्या एका पायाखालची जोडपाचर दोन्ही बाजूंनी हलक्या हाताने, थोडी थोडी ठोकून घ्यावी.